जिना सुस्थितीत आहे

शिडी बांबूची होती. आयच्या डोक्यावर भरलेली घागर. तिनं पहिल्या दांडीवर पाय ठेवला, शिडी हलली, घागर डचमळली आणि पाणी तिच्या तोंडावरून, मानेवरून ओघळलं.

चौकापलीकडच्या गॅलरीत माणसं उभी होती. बायाही होत्या. सोसायटीचे चेअरमन कठड्यावर कोपर टेकून बघत होते. हातात कपबशी.

"चढ, चढ," ते म्हणाले. "गावाकडं झाडावर चढतच होतात की तुम्ही लोक. इथंच काय झालं?"

कुणीतरी हसलं. एका बाईनं पदर तोंडाला लावला. हसू दाबायला लावला की वास चुकवायला, ते मला कळलं नाही. कारण शिडी जिथं टेकवली होती तिथं संडासाचं पाणी साचलेलं होतं. माझी आय त्या घाणीत अनवाणी उभी होती. तिनं घागर सावरली, ओचा खोचला आणि चढली. वर पोचल्यावर तिनं खाली माझ्याकडं बघितलं. ती रडत नव्हती. तिला लाज वाटत होती. हसणाऱ्यांना नाही. तिला.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. नगरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचे. रोज फळ्यावर स्वच्छतेचे नियम उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळी भिंगारला या घाणीत परत यायचे.

जर्मन-जपानची लढाई नुकती संपली होती. लढाईच्या दिवसांत मिलिटरीच्या डेपोत माणसं लागायला लागली, तेव्हा माझा बा पारनेर तालुक्यातलं गाव सोडून इथं आला. पेट्या उचलायचं काम. आम्ही महार. गावात आमची वस्ती गावाबाहेर होती. इथं तसं नसेल, असं बाला वाटलं होतं.

डेपोतल्या कारकुनांनी घरांची सोसायटी काढली होती. प्रत्येकानं शेअर घ्यायचा, खोली ज्याची त्याच्या मालकीची, आणि सगळ्या बिल्डिंगचा कारभार आपल्यातल्याच पाच पंचांनी बघायचा. पण जागा मिळायला जितके मेंबर लागत होते तितके कारकून भरेनात. मग हमाल, शिंपी, सुतार यांनाही विचारलं. बानं शेअर घेतला. मालक झाला. कागदावर त्याचा शेअर आणि चेअरमनचा शेअर सारखाच होता.

बिल्डिंग चौकोनी. मधे चौक, चारी बाजूंनी दोन मजली खोल्या, वरच्या मजल्यावर सगळीकडून फिरणारी लाकडी गॅलरी. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्या गॅलरीत पत्र्याचे दोन आडोसे उभे होते. एकाला दार, दाराला कुलूप. पलीकडं पुढची लोकं, म्हणजे कारकुनांची घरं. त्यांना दगडी जिना. अलीकडं मागची लोकं. आमची तीन घरं, मांगांची दोन, एक सुतार, आणि करीमभाई शिंपी. आम्हाला मागचा लाकडी जिना. आणि त्या जिन्याच्या बुडाशी अख्ख्या बिल्डिंगचे संडास.

पंचांत एक माणूस मागचाही असावा असं ठरलं होतं. कुणी सरकारी साहेब सोसायटी तपासायला आला तर दाखवायला. म्हणून बा पंच झाला. आयनं गूळ वाटला. महिन्याच्या मीटिंगला बा धुतलेलं धोतर नेसायचा आणि मी त्याचा पटका झटकून हातात द्यायचे. माझा बा पंच आहे, असं मी ट्रेनिंगच्या मैत्रिणींना दोनदा सांगितलं होतं.

संडास टोपल्यांचे होते. सफाईला एकच म्हातारी बाई. ती आजारी पडली की दुसरं कुणी यायचं नाही, कारण दुसरी बाई लावायचा ठराव पंच करत नव्हते. टोपल्या भरायच्या, सांडायच्या. गटार तुंबलेलं. सगळं पाणी जिन्याच्या खांबांशी येऊन थांबायचं. लाकूड काळं पडलं, मग मऊ झालं. बोट खुपसलं की ओल्या भाकरीत जावं तसं आत जायचं. पावसाळ्यात अळ्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीपर्यंत चढायच्या. आम्ही त्या पायऱ्यांवरून पाणी न्यायचो, भाकरीचं पीठ न्यायचो, लेकरं न्यायचो. जेवताना वास आला की आय दार लावून घ्यायची. दार लावून काही होत नव्हतं. वास खोलीत आमच्या आधीपासून राहत होता.

मी तीनदा अर्ज लिहिला. तिसरा घेऊन स्वतः चेअरमनकडं गेले. त्यांनी तो टेबलावर ठेवायला सांगितला, मग उचलून वाचला.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मोत्यासारखं आहे. तुमच्यात असं अक्षर मी पहिल्यांदाच बघतो."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

आता खरं ते सांगते. मला बरं वाटलं होतं. घरी येईपर्यंत मी त्या कौतुकावर खूश होते. अर्ज कुठं गेला ते डोळ्यांनी बघूनही खूश होते. आज ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

दिवाळीला थोडे दिवस होते. सकाळची वेळ. करीमभाईंची बायको बानूभाभी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढत होती. मी वर गॅलरीत वेणी घालत होते. मोठा आवाज झालाच नाही. कुजलेलं लाकूड कडाडून मोडत नाही. नुसतं भस् झालं आणि मधला अर्धा जिना दिसेनासा झाला.

भाभी खालच्या घाणीत पडली होती. एक तुळई तिच्या पायावर. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं, आणि त्यावर ते संडासाचं पाणी. ती ओरडत नव्हती. "माझी बादली," एवढंच म्हणत होती. सुतारकाका आणि मांगांची दोन माणसं खालच्या मजल्यावर होती. त्यांनी तुळई उचलली. मी गॅलरीच्या खांबावरून घसरत खाली आले. हाताची साल निघाली ते नंतर दिसलं.

पुढच्या गॅलरीतून एका बाईनं विचारलं, "कोण पडलं गं?" दुसरीनं सांगितलं, "मागचं कुणीतरी." मग पहिली म्हणाली, "हुश्श."

चेअरमन पत्र्याच्या दारापर्यंत आले. नाकाला रुमाल. फटीतून बघितलं आणि गेले. भाभीला आम्हीच दवाखान्यात नेलं. दुपारी सोसायटीचा गडी आला. त्याच्या खांद्यावर शिडी होती.

शिडी. डॉक्टर नाही, टांगा नाही, भाभी जगली का मेली हे विचारायला माणूस नाही. दुसऱ्या दिवशी त्या शिडीवर माझी आय चढली, आणि ते हसले.

चार दिवसांनी सोसायटीचे सेक्रेटरी आले. आमच्या घरात नाही, चौकात थांबले. मला खाली बोलावलं. हातात एक कागद आणि मीटिंगची जाडजूड वही. तपासणीचे साहेब रविवारी येणार होते.

"चेअरमनसाहेबांनी सांगितलंय, तुझं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "हा ठराव वहीत नीट उतरव. तुझ्या बापाचा अंगठा घे आणि रविवारच्या आत परत दे."

मी शिडी चढून वर गेले आणि कागद वाचला. मागील बाजूच्या रहिवाशांनी वाजवीपेक्षा जास्त वजन वाहून नेल्यामुळे जिना मोडला. त्यास पंच जबाबदार नाहीत. खाली चार सह्या. पाचवी जागा रिकामी.

मी वही उघडली. उतरवायला कोरं पान शोधत होते. पण मागची पानं दिसली आणि मी थांबले. त्याच्या आधीचं पान. त्याच्याही आधीचं. प्रत्येक मीटिंगखाली तेच वाक्य होतं. "मागील जिन्याची पंचांनी समक्ष पाहणी केली. जिना सुस्थितीत आहे." खाली चार सह्या आणि एक अंगठा.

अंगठा माझ्या बाचा.

तो कामावरून आला. मी त्याला पाणी दिलं नाही. वही त्याच्यासमोर टाकली.

"बा, हे काय?"

"मला काय वाचाय येतं व्हय?"

मी वाचून दाखवलं. एक पान, दुसरं, तिसरं. तो भिंतीला टेकून बसला.

"पंचांनी जिना बघितला होता?"

"कंदीच न्हाई. त्यातला एकबी हिकडं फिरकला न्हाई."

"तू तर रोज त्याच जिन्यानं येतोस. मग अंगठा का दिलास?"

आय चुलीपाशी हात थांबवून बसली होती.

"मी आत नसायचो, पोरी," तो म्हणाला. "मीटिंग चेरमनच्या खोलीत. मी भाईर. चपलांपाशी. आत काय चाललंय त्ये निम्मं आयकू यायचं, निम्मं न्हाई. शेवटाला वही उंबऱ्यावर ठिवायचे. मी अंगठा लावायचा. मंग वहीवर पान्याचं दोन थेंब शिपडून आत न्यायचे."

"हे तू घरी कधी बोलला नाहीस."

"काय बोलू? तू पटका झटकून हातात द्यायचीस."

मला त्याची किळस आली. माझ्या स्वतःच्या बापाची. चपलांच्या ढिगापाशी धुतलेलं धोतर नेसून बसलेला माणूस मला दिसत होता. मी उठून गॅलरीत गेले. समोर त्यांच्या तुळशी, त्यांची सारवलेली अंगणं, त्यांच्या दारातल्या रांगोळ्या. खाली आमचा मोडका जिना आणि त्यांनीच भरलेले संडास. तिथं उभी राहिले तेव्हा मला कळलं, मी चुकीच्या माणसाची किळस करते आहे. बाला वाचता येत नव्हतं. त्यांना येत होतं. त्यांनी वाचून, समजून, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. आणि आता त्या खोट्याला माझं अक्षर हवं होतं.

मी ठराव उतरवला नाही. वही मात्र परत दिली नाही. दोनदा निरोप आला. "लिहिते आहे," म्हणून सांगितलं.

शनिवारी बानूभाभीला घरी आणलं. दवाखान्यात जागा नव्हती, त्यांनी पाय बांधून पाठवून दिलं. करीमभाईंनी तिला बाजेवर घालून बैलगाडीतून आणलं. पाय मांडीपर्यंत बांधलेला, तिला उठताही येत नव्हतं. आणि तिची खोली वरच्या मजल्यावर.

करीमभाई सेक्रेटरींकडं पत्र्याच्या दाराची किल्ली मागायला गेले. हात जोडूनच गेले.

"किल्ली सापडत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

चेअरमन वरून बोलले. त्यांनी बाला हाक मारली.

"अरे, दोर लाव बाजेला. डेपोत पोती चढवता तशी वर घ्या. तुला तर सवय आहे."

आणि बानं दोर आणला. मी बघत होते. त्याला कुणी वरून सांगितलं की त्याचे हात आपोआप चालायचे. त्यानं बाजेच्या एका पायाला गाठ मारली. दुसऱ्या पायाला मारायला वाकला. तेव्हा भाभीनं त्याचं मनगट धरलं.

"भाऊ," ती म्हणाली, "मी पोतं नाही ना."

बा तसाच वाकलेला राहिला. मी जवळ गेले आणि दोरावर हात ठेवला.

"बा, सोड."

"चेरमन बघत्यात."

"बघू देत. सोड."

त्यानं गाठ सोडली. दोर खाली टाकला, बाजेचा एक पाय उचलला आणि सुतारकाकांना म्हणाला, "धरा तिकडनं."

करीमभाई, सुतारकाका, बा आणि मी. आम्ही बाज उचलली आणि पुढच्या दगडी जिन्याकडं निघालो. बायांनी पोरं आत ओढली. एका घराचं दार लागलं, मग दुसऱ्याचं. चेअरमन खाली उतरून जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

"इथून नाही."

"वाट सोडा," मी म्हणाले.

"कोणाशी बोलतेस तू?"

"जिना सुस्थितीत आहे असं लिहिणाऱ्याशी."

त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. वही कुठं आहे ते त्यांना तेव्हा आठवलं असावं. ते बाजूला झाले. आमचा धक्का लागेल म्हणून धोतर आवळून भिंतीला चिकटून उभे राहिले. आम्ही चढलो. पायऱ्या सरळ होत्या, रुंद होत्या, कोरड्या होत्या. इतका साधा जिना. हा आम्हाला बंद होता म्हणून एका बाईचा पाय मोडला होता.

गॅलरीतल्या पत्र्याच्या दाराशी बाज टेकवली. सुतारकाकांनी पहार आणली. कडी उचकटली. भाभी तिच्या खोलीत गेली.

तासाभरात पुढच्या बायांनी तो दगडी जिना धुवायला काढला. घागरीमागून घागर. मग गोमूत्र शिंपडलं. ज्या संडासांवर पावसाळाभर एक बादली पडली नव्हती, त्याच बिल्डिंगमध्ये आमच्या पावलांवर एवढं पाणी ओतलं. मी गॅलरीत उभी राहून ते सगळं बघितलं. मला वाईट वाटलं नाही. मला त्यांची किळस आली.

रविवारी तपासणीचे साहेब आले. चेअरमनच्या खोलीत बसले, फराळ केला. मग चौकात खुर्च्या मांडून सभा. मागच्या बाजूला ते फिरकलेच नाहीत. "वास फार आहे," म्हणाले, आणि तेवढ्यावर पाहणी झाली.

चेअरमननी दुसऱ्या कागदावर लिहून आणलेला ठराव वाचला. चार पंचांनी माना हलवल्या. शाईचा पॅड बापुढं आला. उंबरा नव्हता, म्हणून जमिनीवर ठेवला.

बा उभा राहिला. त्यानं पटका घातला नव्हता.

"ह्यो ठराव खोटा हाय," तो म्हणाला. "मी अंगठा देनार न्हाई. आन् मागले समदे अंगठेबी खोटे हायत. जिना कुनीबी बघितला न्हाई. मी बघितला. मी रोज चढत हुतो. तरीबी दिले. त्यो माझा गुन्हा हाय. तुमचा तुमी सांगा."

मग मी वही उघडली आणि वाचायला लागले. प्रत्येक महिन्याचं ते वाक्य, मोठ्यानं. तिसऱ्या पानाला सेक्रेटरी ओरडले, "वही दे इकडं!" मी वाचत राहिले. शेवटचं पान संपवलं आणि वही साहेबांच्या समोर ठेवली.

साहेबांनी पानं चाळली. माझ्याकडं बघून हसले.

"मुलगी वाचते छान," ते म्हणाले.

पुन्हा तेच कौतुक. या वेळी ते अंगावर थुंकी पडावी तसं पडलं.

त्यांनी वहीत शेरा मारला की जिना सोयीनुसार दुरुस्त करावा. कुणाच्या सोयीनुसार ते लिहिलं नाही. खोट्या नोंदींबद्दल एक अक्षर नाही. त्याच सभेत बाला पंचांतून काढलं. कारण असं दिलं की त्यानं सोसायटीच्या मालमत्तेची कडी मोडली.

जिना झाला नाही. भाभीचा पाय कायमचा आखूड राहिला. ते दोघं बिऱ्हाड उचलून खर्ड्याला करीमभाईंच्या भावाकडं निघून गेले. जाताना भाभी दगडी जिन्यानंच उतरली, बसत बसत, एकेक पायरी. पत्र्याच्या दाराला नवी कडी लागली. आम्ही मोडली. पुन्हा लागली. पुन्हा मोडली. शेवटी त्यांनी लावायची सोडली. पण आम्ही गेलो की जिना धुवायचं त्यांनी सोडलं नाही.

पुढं देश स्वतंत्र झाला. पुढच्या गॅलरीला झेंडा लागला. चेअरमननी समतेवर भाषण केलं. मागं संडास तुंबलेलेच होते आणि भाषणाच्या अधूनमधून वाऱ्यावर वास येत होता. टाळ्या वाजवता वाजवता पुढची माणसं नाकाला रुमाल लावत होती.

बानं शेअर माझ्या नावावर केला. पंचांची निवडणूक आली तेव्हा मी अर्ज भरला. "बाईमाणूस?" सेक्रेटरी म्हणाले. पुढचं जे त्यांना म्हणायचं होतं ते त्यांनी गिळलं, पण मला ऐकू आलं. मागच्या सगळ्या घरांनी मला मत दिलं. पुढच्या एकानंही नाही. मी पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक जण समजूत घालायला आला. वयानं मोठा, बोलायला गोड. "आपण शेजारी आहोत," म्हणाला. "झालं गेलं विसरून जाऊ. उगाच मनात घाण कशाला ठेवायची?"

मी त्याला दारातच सांगितलं ते असं.

विसरणार नाही. दर निवडणुकीला मी उभी राहीन. दर वेळी पाडा. दर सभेला मी येईन, खुर्चीवर बसेन, आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य जागेवर जाऊन तपासा म्हणेन. जे मी बघितलं नाही त्याच्याखाली माझी सही मिळणार नाही. माझ्या माणसांची तर नाहीच नाही. घाण माझ्या मनात नाही, तुमच्या कारभारात आहे, आणि ती तुमच्या हातांनी उपसून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. तुम्हाला माझी किळस येते ना? येऊ द्या. मलाही तुमची येते. आणि माझ्याकडं कारण आहे.